रॅम्प आहे, पण चढता येतो का?

वाचकांचे प्रश्न : महाविद्यालयांचा परिसर आणि सुगम्यता

बेळगाव, खानापूर, निपाणी, अथणी भागातून या विषयावर आलेली काही पत्रे थोडक्यात देत आहोत. संस्थांची नावे काढली आहेत. मापे मिलिमीटरमध्ये आहेत. गवंड्याशी बोलताना ३०० मिमी म्हणजे जवळपास एक फूट धरा.

प्रश्न : आमच्याकडे नॅकची (महाविद्यालयांचे मूल्यांकन करणारी राष्ट्रीय संस्था) तयारी चालू आहे. 'दिव्यांगस्नेही परिसर' या मुद्द्यापुढे रॅम्प, स्वच्छतागृह, फलक अशा खुणा करायच्या आहेत. बाहेरचे तज्ज्ञ बोलवायला पैसे नाहीत. तपासणी आपली आपण करता येईल का? (समन्वयक, आयक्यूएसी म्हणजे अंतर्गत गुणवत्ता हमी कक्ष, खानापूर)

उत्तर : येईल. स्टीलची पाच मीटरची टेप, गवंड्याची चार फुटी पाणसळ, पारदर्शक नळी (पाणी भरून दोन ठिकाणच्या उंचीतला फरक मोजायला), खडू, मोबाइल आणि एक चाकाची खुर्ची एवढ्यावर काम भागते. खुर्ची गावातल्या दवाखान्यातून दोन दिवसांसाठी मागून आणा.

नॅकच्या या मुद्द्यात रॅम्प किंवा लिफ्ट, स्वच्छतागृह, स्पर्शपट्टीसह (पायाला, काठीला कळणारी उठावदार पट्टी) दिशाफलक, स्क्रीन रीडरसारखी (पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणारी) साधने आणि माणसाची मदत (वाचक, लेखनिक) असे विचारले जाते. तिथे सगळा भर 'आहे का' यावर. तपासणीत 'वापरता येते का' हे बघायचे. दोन्हींची उत्तरे किती वेगळी येतात ते पहिल्या तासात कळेल.

यादी हातात घेऊन खोल्या मोजत फिरू नका, वाट धरा. बस थांब्यापासून फाटक, फाटकापासून कार्यालयाची खिडकी, तिथून वर्ग, वर्गातून स्वच्छतागृह, ग्रंथालय, प्रयोगशाळा, परीक्षेचा हॉल, सभागृहाचे व्यासपीठ. एकेक वाट सुरुवातीपासून शेवटपर्यंत चाला आणि जिथे अडते तिथे खडूने खूण करून माप व फोटो घ्या. ग्रंथालयाच्या दारात उत्तम रॅम्प आहे, पण फाटकापासून तिथवर खडी पसरली आहे, तर त्या रॅम्पचा उपयोग शून्य. खोलीगणिक यादी केली की हे सुटते, कारण खडी कुठल्याच खोलीत मोडत नाही.

उताराचे माप असे घ्या. चार फुटी म्हणजे १२०० मिमी लांबीची पाणसळ रॅम्पवर उताराच्या दिशेने ठेवा. खालचे टोक उचलत बुडबुडा मध्ये आणा आणि त्या टोकाखालची फट मोजा. फट १०० मिमी किंवा कमी असेल तर उतार १:१२ च्या आत आहे. १५० आली तर १:८, ३०० आली तर १:४. रॅम्पवर तीन ठिकाणी माप घ्या. पायथ्याशी उतार नीट असतो आणि वरच्या टोकाला गवंड्याने उरलेली उंची एकदम मारून नेलेली असते, असे हमखास सापडते. मग पाणसळ आडवी ठेवा. आडवा उतार १:५० पेक्षा जास्त नको, म्हणजे १२०० ला २४ मिमी. त्यापुढे खुर्ची एका बाजूला ओढते. मोबाइलमधले उतारमापक ॲप चालते, पण आधी सपाट टेबलावर शून्य दाखवते का ते बघा. १:१२ म्हणजे ४.८ अंश.

दाराचे माप चौकटीपासून चौकटीपर्यंत घेऊ नका. फळी ९० अंशात उघडा आणि फळीच्या अंगापासून समोरच्या चौकटीपर्यंत मोजा. मोकळी जागा ९०० मिमी हवी. आपल्याकडच्या जुन्या इमारतींत दुपाखी दारे आहेत. चौकट चार फुटांची दिसते, पण एक पाखे कायम कडी लावून बंद, त्यामुळे प्रत्यक्षात मिळतात ५००-५५० मिमी. चाकाची साधी खुर्चीच साडेसहाशेच्या आसपास रुंद असते. इथे सुताराची गरज नाही, शिपायाने सकाळी दोन्ही पाखी उघडून हुक लावायचे एवढेच. उंबरा १२ मिमीपेक्षा उंच नको. लोखंडी जाळीच्या सरकत्या दाराचा खालचा चॅनल बहुतेक वेळा त्याहून वर आलेला असतो. तो फरशीत बुडवून घ्यावा लागतो.

व्हरांड्यात एक गोष्ट मुद्दाम बघा. खिडक्यांची पाखी बाहेर, व्हरांड्यातच उघडतात. त्यांची खालची कड छातीपासून डोक्यापर्यंतच्या उंचीत येते. अंध विद्यार्थ्याची काठी जमिनीलगत फिरते. तिला भिंत लागते, खिडकी लागत नाही. कपाळावर आदळल्यावरच ती कळते. जिन्याखालची तिरकी पोकळी, भिंतीवरचा अग्निशामक, खाली आलेली फांदी हे सगळे याच जातीचे. जमिनीपासून साधारण २१०० मिमीपर्यंत वाट मोकळी हवी. खिडक्यांना आतल्या बाजूला उघडणारी किंवा सरकती पाखी बसवा; तोवर भिंतीला सपाट टेकतील असे हुक लावा.

तपासणी दोनदा करा. एकदा उन्हाळ्यात आणि एकदा जुलैत. खानापूरचा पाऊस सगळी उत्तरे बदलतो. मेमध्ये नीट असलेला रॅम्प जुलैत शेवाळाने हिरवा होतो आणि त्याच्या पायथ्याशी पाण्याचे डबके साचते. जांभ्याच्या वाटेवर तर चप्पलवालाही जपून चालतो, कुबडीवाल्याचे काय होत असेल ते बघा.

आणि बरोबर माणसे घ्या. खुर्ची वापरणारे, काठी वापरणारे, कमी ऐकू येणारे, असे तीन-चार जण. सध्या विद्यार्थी नसतील तर माजी विद्यार्थी किंवा गावातली माणसे. त्यांना मानधन द्या. धडधाकट प्राध्यापकाला खुर्चीत बसवून फेरी मारल्याने वळायला जागा पुरते का हे कळते, पण तो अडला की उठून उभा राहतो, त्यामुळे बाकीचे काही कळत नाही.

प्रश्न : इमारतीचे जोते जमिनीपासून तीन फूट उंच आहे. ठेकेदार म्हणतो, आठ फुटांत रॅम्प बसवतो. दुसऱ्या इमारतीला आधी केलेला रॅम्प दोन वर्षांत जोत्यापासून सुटला आणि जोडावर दीड इंचाची पायरी तयार झाली. काय करावे? (संस्थेचे संचालक, निपाणी)

उत्तर : आठ फुटांत तीन फूट चढवणे म्हणजे १:२.७. त्यावर मोटारसायकल चढेल, माणूस बसलेली खुर्ची चढणार नाही, आणि उतरताना तर थेट उलटेल. असे रॅम्प आपल्याकडे भरपूर आहेत. ते मुळात गाड्यांसाठी बांधलेले असतात आणि अहवालात दिव्यांगांसाठी म्हणून लागतात.

हिशेब सोपा आहे. तीन फूट म्हणजे सुमारे ९०० मिमी. १:१२ ने १०.८ मीटर उतार लागतो. ७५० मिमी चढ झाला की मध्ये सपाट थांबा द्यायचा, शिवाय वर आणि खाली एकेक. प्रत्येक थांबा १५०० मिमीचा. एकूण १५.३ मीटर, म्हणजे पन्नास फूट. समोर एवढी जागा नसेल तर भिंतीला समांतर किंवा वळण घेऊन न्या. तरीही बसत नसेल तर मागच्या किंवा बाजूच्या दाराचे जोते किती उंच आहे ते नळीच्या पाण्याने मोजा. उतारावरच्या आवारात मागची बाजू कित्येकदा फूटभराचीच निघते आणि तिथे ३.६ मीटरच्या उतारात काम होते. फक्त ते दार सगळ्यांसाठी उघडे ठेवा. शिपायाला फोन करून किल्ली मागवावी लागली तर ते दार हिशेबात धरू नका.

रुंदी किमान १२०० मिमी. दोन्ही बाजूंना कठडा, त्यात दोन पाइप : एक ९०० मिमीवर, एक साधारण ७६० वर. पाइप गोल आणि मुठीत मावेल असा, ३८ ते ४५ मिमी जाडीचा. भिंतीपासून ५० मिमी सुटा. आणि रॅम्प संपल्यावर ३०० मिमी पुढे गेलेला. चौकोनी मोठा पाइप दिसायला भक्कम, पण हाताला पकड येत नाही. कठड्याचे काम बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक भागात कुठलाही फॅब्रिकेटर करून देईल. त्याला जाडी आणि उंची लिहून द्या, नाहीतर तो बाल्कनीचाच नमुना बसवतो. कडेला ७५ ते १०० मिमीची बांधीव कड हवी, म्हणजे चाक घसरून खाली जात नाही.

पृष्ठभागाला ग्रॅनाइट किंवा चकचकीत टाइल नको. ओल्या काँक्रीटवर कुंचा आडवा फिरवून खरखरीतपणा आणा. खोल खाचा पाडू नका; त्यांनी घसरणे थांबते, पण खुर्चीतल्या माणसाच्या पाठीला प्रत्येक खाच लागते.

आता सुटलेला जोड. निपाणी-चिक्कोडीकडच्या काळ्या मातीत हे होणारच. ती पावसात फुगते, उन्हाळ्यात आकसते. इमारतीचा पाया खोल गेलेला असतो, रॅम्प मात्र वरच्या भरावावर बसवलेला. इमारत जागची हलत नाही, रॅम्प खाली बसतो. म्हणून रॅम्पखालची काळी माती दोन-तीन फूट तरी काढा (नेमकी खोली माती पाहून इंजिनिअरकडून ठरवून घ्या), त्या जागी मुरूम सहा-सहा इंचांच्या थरात पाणी मारून धुमसाने ठोका. रॅम्प जोत्याला सळईने जखडू नका. मध्ये २०-२५ मिमीचा सुटा सांधा ठेवून तो लवचीक सीलंटने भरा. आणि छपराच्या पन्हाळीचे पाणी रॅम्पच्या बुडाशी पडू देऊ नका. निम्म्या रॅम्पांची वाट त्या पन्हाळीनेच लावलेली असते. सध्याची दीड इंची पायरी जोडावर सिमेंट थापून बुजवू नका, पुढच्या उन्हाळ्यात ते फुटेल. वरच्या टोकाचा तुकडा तोडून नवा भराव घालावा लागेल.

प्रश्न : 'दिव्यांग स्वच्छतागृह' अशी पाटी आहे. आत झाडू, बादल्या आणि जुने बाक. किल्ली शिपायाकडे. दाराशी सहा इंचांची पायरी. प्राचार्य म्हणतात, वापरणारे कुणी नाही म्हणून बंद ठेवले. (प्राध्यापिका, बेळगाव)

उत्तर : वापरता येत नाही म्हणून वापरणारे नाहीत. कित्येक मुली सकाळपासून पाणी न पिता कॉलेज करतात, हे तुम्हाला ठाऊक असेलच.

ती सहा इंचांची पायरी का आली ते बघा. जुन्या इमारतीत स्लॅब खाली दाबून घेतलेला नसतो, त्यामुळे कमोडचा ट्रॅप आणि आडवा पाइप बसवायला फरशीच वर उचलतात. वरच्या मजल्यावर याला इलाज नाही. तळमजल्यावर मात्र खाली माती असते. खोदून पाइप खाली नेता येतो. म्हणून हे स्वच्छतागृह तळमजल्यावरच करा.

आतली जागा २२०० × २००० मिमीच्या आसपास हवी. कमोडच्या एका बाजूला भिंत, कमोडचा मध्य त्या भिंतीपासून ४५०-४८० मिमी. दुसऱ्या बाजूला ९०० मिमी रिकामी जागा, कारण खुर्ची तिथे लावून माणूस सरकतो. त्याच जागी वॉश बेसिन किंवा कचऱ्याची बादली ठेवणे ही सर्वांत जास्त दिसणारी चूक. बैठकीची उंची ४५०-४८०. दार बाहेर उघडणारे किंवा सरकते. आत उघडणारे दार खुर्ची आत गेल्यावर लागतच नाही, आणि माणूस आत पडला तर बाहेरून उघडत नाही. कडी मूठ वळली नाही तरी सरकेल अशी. मदतीची घंटा जमिनीवर पडलेल्यालाही पोहोचेल अशी, ३०० मिमीवर एक दोरी.

आधाराचे दांडे साडेचार इंची भिंतीत प्लास्टिकच्या गिट्ट्यांवर बसवले तर सहा महिन्यांत हलायला लागतात. अशा भिंतीत आरपार बोल्ट आणि मागून लोखंडी पट्टी लावा. हाताने हलवून बघणे पुरेसे नाही. अंगाने भरलेल्या माणसाने पूर्ण भार टाकून बघावे.

झाडू-बादल्यांना दुसरी जागा दिल्याशिवाय त्या परत इथेच येतील. पत्र्याचे कपाट आधी आणा, मगच कुलूप काढा.

प्रश्न : मी अंध आहे, बी.ए.ला आहे. सरांच्या नोट्स पीडीएफमध्ये येतात, पण मोबाइल त्या वाचत नाही, कधी इंग्रजी अक्षरांचा गोंधळ वाचतो. कॉलेजातल्या पाट्या कन्नड व इंग्रजीत आहेत. मला ब्रेल येते, पण मराठीतली. (विद्यार्थी, बेळगाव)

उत्तर : नोट्सची दुखणी दोन आहेत आणि औषधे वेगळी. हा भाग तुमच्या सरांना वाचायला द्या.

पीडीएफमधल्या ओळीवर बोट दाबून निवडता येते का ते बघा. निवडता येत नसेल तर तो नुसता पानाचा फोटो आहे. ३०० डीपीआयला स्कॅन करून टेसरॅक्टसारख्या मोफत ओसीआरमधून (चित्रातली अक्षरे ओळखून मजकूर बनवणारे सॉफ्टवेअर) काढले तर मराठी आणि कन्नड दोन्ही बऱ्यापैकी उतरते. वाकड्या पानाचा, सावली पडलेला मोबाइल-फोटो असेल तर उतरत नाही. तक्ते आणि सूत्रे हातानेच टाइप करावी लागतात.

ओळ निवडता येते, पण दुसरीकडे चिकटवल्यावर इंग्रजी चिन्हांची खिचडी दिसते? मग मजकूर श्रीलिपी किंवा नुडीच्या जुन्या फॉन्टमध्ये आहे. त्या फॉन्टमध्ये अक्षर मराठी किंवा कन्नड दिसते, पण आत साठवलेले असते इंग्रजी चिन्ह. डोळ्यांना फसवता येते, स्क्रीन रीडरला नाही. मूळ फाइल कन्व्हर्टरमधून युनिकोडमध्ये काढायची आणि रफार, जोडाक्षरे, वेलांट्या एकदा तपासायच्या. चुका तिथेच राहतात. पुढच्या नोट्स सरळ युनिकोडमध्ये टाइप केल्या की प्रश्नच उरत नाही. संगणकावर एनव्हीडीए हा स्क्रीन रीडर मोफत आहे आणि त्यातल्या ईस्पीक या बोलणाऱ्या भागात मराठी, कन्नड दोन्ही आवाज आहेत. एकाच पानात तीन भाषा असतील तर वर्डमध्ये त्या त्या परिच्छेदाची भाषा निवडून ठेवायला सांगा, नाहीतर कन्नड उतारा मराठी आवाजात येतो.

पाट्यांबद्दल एक चांगली बातमी. भारती ब्रेलमध्ये भारतीय भाषांतल्या समान ध्वनींना समान ठिपके आहेत. मराठी 'क' आणि कन्नड 'क' एकच. म्हणजे कन्नड ब्रेलची पाटी तुम्ही उच्चारू शकाल आणि 'ग्रंथालय' हा शब्द तर दोन्हीकडे एकच आहे. इथल्या पाट्यांच्या भाषेचा वाद ब्रेलने तरी बराच सोडवला आहे. खोलीचा क्रमांक उठावदार अंकांत हवा. पाटी दाराच्या फळीवर नको. दार उघडे असले की ती भिंतीकडे जाते. कडीच्या बाजूच्या भिंतीवर, १४०० ते १६०० मिमी उंचीवर हवी.

स्पर्शपट्टीचेही थोडे. लांबट रेघांची टाइल म्हणजे चाला, ठिपक्यांची म्हणजे थांबा. जिना किंवा रॅम्पच्या ३०० मिमी आधी ठिपके हवेत. शोभा म्हणून सगळी वाट ठिपक्यांची केली तर तिचा अर्थच जातो. पिवळी पट्टी तांबड्या फरशीवर दिसते, तांबडी दिसत नाही. अल्पदृष्टी असलेल्यांना हा फरक मोठा. गुळगुळीत फरशीवर चिकटवलेल्या पट्ट्या पहिल्या पावसाळ्यात उठतात. आणि पट्टीच्या दोन्ही अंगांना ६०० मिमीत कुंडी, बाक, दुचाकी काही नको.

प्रश्न : मुलीला पायाने अपंगत्व आहे, प्रमाणपत्र ६० टक्क्यांचे. वर्ग दुसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. कॉलेज म्हणते निधी आला की बघू. (पालक, अथणी)

उत्तर : लिफ्टला निधी लागतो, वर्ग तळमजल्यावर आणायला वेळापत्रक लागते. २०१६ च्या दिव्यांगजन हक्क कायद्यात शिक्षणसंस्थांनी विद्यार्थ्याच्या गरजेप्रमाणे वाजवी सोय करायची असे स्पष्ट आहे (कलम १६), आणि ते लिफ्ट होईपर्यंत थांबत नाही. प्राचार्यांना लेखी अर्ज द्या : मुलीच्या तुकडीचे सगळे तास, प्रात्यक्षिक आणि परीक्षेची बैठक तळमजल्यावर. पोच घ्या. प्रयोगशाळा वरच असेल तर निदान तिच्या तुकडीचे साहित्य खाली आणता येते का ते विचारा.

जुन्या सार्वजनिक इमारती सुगम्य करायला याच कायद्याने नियम आल्यापासून पाच वर्षे दिली होती. नियम जून २०१७ चे, म्हणजे ती मुदत २०२२ मध्ये संपली. शिक्षणासाठी वापरली जाणारी खासगी इमारतही यात येते. अर्ज करून काही हलले नाही तर बेंगळूरच्या राज्य दिव्यांगजन आयुक्तांकडे तक्रार करता येते. हाताने लिहायला त्रास असेल तर परीक्षेत लेखनिक आणि तासाला किमान २० मिनिटे जादा वेळ, हे केंद्राच्या मार्गदर्शक सूचनांत आहे. तीन तासांच्या पेपरला पूर्ण एक तास. हा अर्ज परीक्षेच्या फॉर्मबरोबरच द्या, आदल्या दिवशी नको.

प्रश्न : पत्र्याच्या छपराचे वर्ग आहेत. पावसात काहीच ऐकू येत नाही. श्रवणयंत्र वापरणारा एक मुलगा आहे. (शिक्षक, जांबोटी परिसर)

उत्तर : श्रवणयंत्र आवाज वाढवते, पण पावसाचाही वाढवते. त्यामुळे मोठ्याने बोलून किंवा वर्गात स्पीकर लावून त्याला फारसा फायदा नाही. त्याच्या यंत्राला जोडणारा छोटा बिनतारी माइक मिळतो. तो शिक्षकाच्या कॉलरला लावला की आवाज थेट कानात जातो. यंत्र कोणते ते बघून घ्या, सगळे सगळ्यांना जुळत नाहीत. जून ते सप्टेंबर तो वर्ग स्लॅबच्या खोलीत हलवा. ते जमत नसेल तर पत्र्याखाली फोमचे अस्तर आणि खाली छत घाला; नुसते प्लायचे छत ठोकले तर मधली पोकळी घुमते. मुलगा खिडकीकडे पाठ करून पुढच्या बाकावर बसावा, म्हणजे उजेड शिक्षकाच्या तोंडावर पडतो आणि ओठ दिसतात. फळ्याकडे तोंड करून बोलायची सवय तेवढी सोडावी लागेल.